टॉवर धुणाऱ्या दोघी

माझं नाव मंजुळा. गाव सुरगाण्याकडचं, डोंगरातला लहानसा पाडा हाय आमचा, नाव सांगून तुमाला कळायचं नाय, तिकडं यष्टी पण जात नाय, जीप जाती ती पण भरली तरच. आमच्याकडं नागली, तुमी नाचणी म्हणता ती, भात, थोडे उडीद, एवढंच पिकतं, अन् भात झोडून झाला की घरातली सगळी माणसं कामाला खाली उतरतात, नाशिकच्या द्राक्षबागांत. मी पण आईच्या मागं मागं तशीच उतरले, बागेत ताडपत्रीच्या खोपटात राह्यलो, मणी विरळायचे, घड औषधात डुबवायचे, असं करत मोठी झाले. लग्न झालं तवा माझ्या माणसाला सिन्नरच्या एमआयडीसीत गाडी भरायचं काम मिळालं व्हतं, मंग आमी वर डोंगरात परत गेलोच नाय. म्हंजी जातो, देवाला जातो, लग्नाला जातो, पण राह्यला नाय गेलो. काय सांगू तुमाला, जाऊ जाऊ म्हणता म्हणता पोरगी मोठी होऊन तिचं लग्न पण झालं.

माझी पोरगी हिरा, ती दीडदोन वरसांची असंल तवा मला ठेकेदाराकडून कंपनीत काम लागलं. लोखंडाच्या पाइपांवर जस्त चढवायची कंपनी व्हती. पाइप आधी अ‍ॅसिडच्या टाकीत बुडवायचे, गंज निघायला, मंग धुवायचे, मंग भट्टीत. त्या अ‍ॅसिडच्या टाकीतून जी वाफ निघती ना ताई, ती नाकात गेली की डोळ्यातून पाणी, घशात काटे. पहिल्या दिवशी मी आत पाय टाकला अन् पदर तोंडाला लावून बाह्येर पळाले. बाह्येर एक बाई बसली व्हती, गोरी, उंच, माझ्यापेक्षा थोडी मोठी, ती हसली. म्हणाली, आत नाय जायचं आपल्याला, आपलं काम हितं हाय, टॉवरपाशी, ये बस. ती सुमन.

आता टॉवर म्हंजी काय ते तुमाला सांगते, कारण त्याच्याबिगर माझं सांगणं पुरं होत नाय. शेडच्या मागं एक उंच गोल टाकी उभी व्हती, फायबरची, पाण्याच्या टाकीसारखी पण चांगली दोन मजले उंच. अ‍ॅसिडच्या टाकीवरची वाफ मोठा पंखा ओढून घ्यायचा, जाड पाइपातून आणायचा अन् त्या टॉवरच्या बुडाशी सोडायचा. वरून पाण्याचे फवारे. धूर खालून वर जातो, पाणी वरून खाली येतं, मधे दोघांची गाठ पडती. मी त्याला धुराची चिमणीच समजत व्हते कितीक दिवस. आमचे चौधरी साहेब, जळगावकडचे, मेंटेनन्सचे, त्यांनी एकदा दोघींना समजून सांगितलं. साध्या बोलण्यात सांगायचे ते, कधी आवाज चढवायचे नाय. म्हणाले, मंजुळाबाई, ह्या टॉवरच्या आत बाराही महिने पाऊस पडतो. मी म्हटलं, मंग साहेब आमच्या सुरगाण्यासारखंच झालं की. ते हसले. म्हणाले, नुसतं पाणी पण नाय बरं का, त्याच्यात कॉस्टिक सोडा टाकलेला असतो, अ‍ॅसिड पाण्यात विरघळतं अन् कॉस्टिक त्याला मारतं, वर जाती ती साफ हवा, अन् सगळ्यात वर एक जाळी हाय, हवेबरोबर थेंब उडून जाऊ नये म्हणून.

मी विचारलं, मंग आपण धुतो त्या रिंगा कशाला. कारण आमचं कामच ते व्हतं, रिंगा धुवायचं. टॉवरच्या मधल्या भागात प्लास्टिकच्या रिंगा भरलेल्या असतात, बांगडीएवढ्या, जाळी जाळीच्या, हजारोंनी. साहेबांनी एक रिंग उचलली, बादलीत बुडवली, वर काढली, अन् म्हणाले, बघा, पाणी हिला सगळ्या अंगानं चिकटलंय. धूर असतो पळणारा, त्याला सरळ वाट मिळाली तर तो तसाच निघून जाईल. ह्या रिंगांमधून त्याला वाकडं तिकडं जायला लागतं, जाता जाता दर ठिकाणी ओलं अंग लागतं, तिथं तिथं तो धुतला जातो. पण रिंगांवर क्षार चढला, गाळ बसला, की भोकं बुजली. मंग पाणी एका बाजूनं पळतं, धूर दुसऱ्या बाजूनं, अन् दोघांची गाठच पडत नाय. सुमन म्हणाली, म्हंजी नवराबायकोचं भांडण. साहेब लय हसले त्या दिवशी.

तर दर थोड्या महिन्यांनी लाइन, म्हंजी पाइपांचं सगळं काम, बंद ठेवायची, टॉवरचं झाकण उघडायचं, पोरं आत शिरून रिंगा पोत्यांत भरून बाह्येर टाकायची, अन् आमी दोघी हौदापाशी बसून त्या घासायच्या. हातमोजे मोठ्या बापई माणसांच्या मापाचे, मनगटाला सुतळी बांधायचो. बाकीच्या दिवसांत झाडलोट, कॉस्टिकच्या गोण्या हलवायच्या, पंपापाशी पाणी पुसायचं, कॉस्टिक पुरतंय का ते कळायला पाण्यात कागदाची पट्टी बुडवून रंग बघायचा अन् साहेबांना सांगायचा. पण रिंगा धुवायचे दिवस म्हंजी आमचे दिवस. कोणी मधे येत नाय, हात चालतायत, तोंड चालतंय. सुमन बोलायची, मी ऐकायची. तिला सगळं सांगता यायचं, सासू कशी चालती, दीर कसा जेवतो, सगळं करून दाखवायची. मी डोंगरातली, मला बोलायला भीती वाटायची, माझं बोलणं लोकं हसतील म्हणून. सुमनच्या पुढं नाय वाटली कधी. ती मला म्हणायची, मंजे, तुमच्याकडचं बोल की, गोड वाटतं ऐकायला.

तिचं शेत कंपनीच्या भिंतीला लागूनच व्हतं. माळी माणसं ती, पिढ्यांपासून फुलांची शेती. शेवंती, झेंडू, थोडा गलांडा. सुमन कामाला यायची ती शेतातूनच, बांधावरून चालत, भिंतीच्या कडेनं फाटकाशी. तिच्या डोक्यात कायम फूल असायचं अन् एक माझ्यासाठी पदराच्या गाठीत. मी म्हणायची, अगं कंपनीत कोण बघतंय. ती म्हणायची, मी बघते ना. दुपारी आमी भिंतीच्या सावलीत जेवायचो, तिची बाजरीची भाकरी माझ्या डब्यात, माझी नागलीची तिच्या डब्यात. नागली तिच्या घरी कोणी खायचं नाय, तिला लय आवडायची. हिरा शाळेतून सुटली की सुमनच्याच घरी जायची, तिच्या सासूपाशी बसून हार ओवायची. माझ्या पोरीला गाठ मारायला त्या म्हातारीनं शिकवलं. दसरा दिवाळी आली की सुमन रजा टाकायची, सगळं घर तोडणीला, पहाटे टेम्पो नाशिकच्या मार्केटला. ती नसली की ते थोडे दिवस मला कंपनी खायला उठायची.

अशी बरीच वरसं गेली. चांगली गेली म्हणते मी. मंग एका वरसी कंपनीला मोठी ऑर्डर आली, अ‍ॅसिडची अजून एक टाकी बसवली, अन् टॉवर तोच ठेवला. चौधरी साहेब म्हणत व्हते, दुसरा टॉवर पायजे, निदान धुणं लवकर लवकर घ्या. मॅनेजर म्हणाला, बघू. नवीन मॅनेजर व्हता, वाईट माणूस नव्हता तो, पण त्याच्या मागं पण कोणीतरी लागलेलं असायचं, फोन कानाचा सुटत नव्हता. धुवायचा दिवस आला, पुढं ढकलला. परत आला, परत ढकलला. आमाला कळत व्हतं की काहीतरी बिघडलंय, कारण वास आता शेडच्या बाह्येर यायला लागला, टॉवरच्या वरून पांढरं जे निघायचं ते वर न जाता खाली उतरायचं, भिंतीवरून पलीकडं. पलीकडं सुमनचं शेत.

श्रावण सरला, गणपती गेले, अन् शेवंतीला कळ्या धरल्या. सुमन एक दिवस आली ती डोक्यात फूल नाय. मी विचारलं, काय गं. ती म्हणाली, पानांच्या कडा जळाल्यात, भिंतीकडचे वाफे, फूल उमलतंय पण पाकळीवर डाग. मी म्हटलं, रोग असंल. ती म्हणाली, रोग कसा असंल मंजे, रोग काय एकाच बाजूनं येतो का.

अन् दसऱ्याच्या तोंडावर तिचे सासरे फाटकावर आले. सुमन त्यांना मामा म्हणायची. पांढरी टोपी, हातात शेवंतीच्या फांद्यांची जुडी, जळलेली. आरडाओरड नाय, शिवीगाळ नाय, नुसते उभे राह्यले. वॉचमननं मॅनेजरला बोलावलं, मॅनेजर आला, अन् त्यानं काय केलं, आत माणूस पाठवून सुमनला बोलावून घेतलं. म्हणाला, सुमनबाई, तुमच्याच घरचे हायत ना हे, तुमी समजवा, एवढी ऑर्डर जाऊ द्या, मंग करू आपण काहीतरी. मी पण तिच्या मागं गेले व्हते. मामांनी सुनेकडं बघितलं. ती कंपनीच्या निळ्या कोटात, हातमोजे हातात. त्या माणसानं तिला त्या कपड्यात कधी बघितलेलं नव्हतं हो. ते म्हणाले, सुमन, तुझ्या हातात हाय का काही ह्याच्यातलं. तिनं नाय म्हणून मान हलवली, म्हणाली, मामा, यंत्र चालू हाय पण आतून बुजलंय, एक दिवस लाइन बंद ठेवून धुतलं की होईल. मंग मॅनेजरकडं वळून म्हणाली, साहेब, एक दिवस द्या. तो म्हणाला, ह्या आठवड्यात नाय जमणार. ती म्हणाली, साहेब, फुलं थांबत नायत.

एवढंच बोलली. मामा फांद्या तिथंच फाटकापाशी ठेवून निघून गेले.

त्या दिवशी सुमन घरी गेली तवा काय झालं ते मला तिनं नंतर सांगितलं. ताट वाढलं, सगळे जेवले, दीर एवढंच म्हणाला की आपल्याच घरातलं माणूस त्यांचा धूर सांभाळतंय. अन् कंपनीत काय, तिथं ठेकेदार म्हणायचा, गावात जाऊन आग तूच लावलीस. दोन्हीकडून ती परकी. ती मला म्हणाली, मंजे, मी कुठं उभी राहू सांग.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर आली, मोजे घातले, सुतळी बांधली, ब्रश घेतला अन् टॉवरच्या झाकणाखाली जाऊन बसली. ठेकेदार म्हणाला, आज धुणं नाय. ती म्हणाली, मला ठाऊक हाय, मी बसलेय, उघडाल तवा हाताशी असावं म्हणून. मी तिच्याकडं बघितलं. मला माझ्या कामाची भीती नव्हती असं नाय, माझा माणूस पण तिथंच गाडी भरत व्हता, खोली पण ठेकेदाराच्याच ओळखीची. पण माझ्या पोरीनं त्यांच्या घरचं खाल्लेलं. मी पण ब्रश घेतला अन् तिच्या शेजारी बसले. घोषणा नाय, काय नाय. दोन बाया ब्रश घेऊन बसलेल्या. येणारा जाणारा बघायचा. ठेकेदार दोनदा येऊन बोलून गेला, गेट बंद करीन, परत कामावर घेणार नाय म्हणाला. मॅनेजर लांबून बघून गेला. चौधरी साहेब आले, आमच्यापाशी थांबले, वर टॉवरकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी परत तसंच बसलो. दुपारी साहेब मॅनेजरच्या केबिनमधे गेले, बराच वेळ आत व्हते, आवाज बाह्येर येत व्हता, म्हंजी मॅनेजरचा. साहेबांचा नाय. ते बाह्येर आले, शेडमधे गेले अन् लाइन बंद करायला सांगितली. मंग आमच्याकडं येऊन म्हणाले, उघडतोय, चला.

काय सांगू तुमाला, आतून काय निघालं. रिंगा ओळखू येत नव्हत्या. पिवळ्या, तांबड्या, क्षारानं एकीला एक चिकटलेल्या, ढेकळं निघावी तशी ढेकळं. वरच्या फवाऱ्यांची निम्मी तोंडं बंद. पोरं काढत व्हती अन् आमी फोडून फोडून धूत व्हतो, आमच्याबरोबर साहेबांनी पण बाह्या सारल्या. हात भरून आले. रिंगा परत भरल्या, पंप चालू केला, पंखा चालू केला, वरून जे निघालं ते पातळ, दिसंना झालं. वास गेला. साहेब म्हणाले, बघा सुमनबाई. तिनं बघितलं, म्हणाली, हो साहेब.

पण भिंतीकडची शेवंती गेली व्हती ताई. सगळी. जी लांब व्हती ती तेवढी विकली. त्या दसऱ्याला सुमननं रजा घेतली नाय, तोडायला काय व्हतंच नाय. कामावर आली, मी तिच्या डब्यात नागलीची भाकरी टाकली, ती तिनं खाल्ली, अन् भिंतीकडं पाठ करून बसली.

पुढं त्यांच्या घरात वाटण्या निघाल्या. भांडण नाय झालं म्हणायची ती, पण मामा म्हणाले, आता भिंतीच्या कडंला मी काही लावणार नाय. अन् माळ्यानं लावणार नाय म्हटल्यावर राह्यलं काय त्या जमिनीत. गोडाऊनवाला आला, घेतली त्यानं. धाकटा दीर तिथंच राह्यला, सुमनच्या सासूचा भाऊ मनमाडला व्हता, तो म्हणाला हिकडं या, काहीतरी बघू. निघायच्या दिवशी टेम्पो माझ्या खोलीवरून गेला. ती मागं बसली व्हती, गाद्यांवर. थांबवला तिनं. मला वाटलं उतरंल, गळ्यात पडंल, मी तयारच व्हते रडायला. ती उतरली नाय. वरूनच म्हणाली, मंजे, धुतलेल्या रिंगा उन्हात नको ठेवू, कडक होतात, सावलीत ठेव. मी म्हटलं, बरं. टेम्पो गेला. एवढंच बोललो आमी, एवढ्या वरसांनंतर.

नंतर कंपनीनं सगळं नवीन केलं. तपासणीवाले येऊन गेले, मालक पण बदलले म्हणतात, आता मोठा टॉवर हाय, त्याच्याशेजारी दुसरा हाय, एक पंप बंद पडला तर जोडीला दुसरा, पाणी किती आंबट झालं ते यंत्रावर आकड्यात दिसतं, कॉस्टिक आपोआप पडतं. धुवायला बाह्येरची माणसं येतात, जोराच्या पाण्याचा पंप घेऊन, अर्ध्या दिवसात काम उरकतात. मी नाय धूत आता, मी ऑफिसपुढची झाडं बघते, झाडलोट करते. वास नाय, डोळ्यात पाणी नाय, भिंतीपाशी उभं राह्यलं तर काही कळत पण नाय की पलीकडं अ‍ॅसिडच्या टाक्या हायत. चांगलंच हाय ना ते. मी काय वाईट म्हणत नाय. पण दुपारी डबा घेऊन भिंतीच्या सावलीत बसले की भिंतीवरून गोडाऊनचा पत्रा दिसतो, अन् मनात येतं, आता एवढी चांगली हवा हाय, अन् ही कोणासाठी हाय हितं.

मी एकदा गेले मनमाडला. सुट्टी टाकून, यष्टीनं. सुमन स्टेशनच्या अंगाला एका कांद्याच्या खळ्यावर निवडायला जाती, बसून काम, बाया बाया. मी गेले तवा ती कांद्याच्या ढिगापुढं बसली व्हती, पाठमोरी. पाठ ओळखली मी लांबून. तिनं वळून बघितलं, म्हणाली, आलीस का, जसं काय मी दररोज येते. बाजूला सरकली, मला जागा केली. मी बसले अन् तिच्याबरोबर कांदे निवडायला लागले. मुकादमानं बसू दिलं. मामा वारले ते तिनं सांगितलं, तिच्या पोराला दुकानात ठेवलंय ते सांगितलं. मी हिराचं सांगितलं, नाशिकला दिली ते. तिनं विचारलं, आता रिंगा कोण धुतं. मी सांगितलं, बाह्येरचे येतात. तिनं विचारलं, वास येतो का गं. मी म्हटलं, नाय, अजिबात नाय, नवीन टॉवर हायत.

ती हातातला कांदा फिरवत राह्यली. त्याची साल निघाली तरी फिरवत व्हती. मंग म्हणाली, बरं झालं. अन् पदरानं तोंड पुसून म्हणाली, चल, जेवून घेऊ, आज नागली आणलीस का. मी आणली व्हती. न आणून कसं चालंल.

तिच्याकडं स्वतःचा फोन नाय, पोराचा हाय, तो दुकानातून येतो तवर मी झोपलेली असते. म्हणून बोलणं होत नाय. माझा माणूस म्हणतो आता बास झालं काम, पाड्यावर जाऊन राहू, घरावर पत्रे टाकू. जाऊ पण. मला तिथं करमेल का ठाऊक नाय. तिथं आई नाय, बाप नाय, ओळखीचं माणूस कमी. मला कुठंही ठेवा, मी राहीन, पण काम करता करता शेजारी कोणी बोलणारं असलं ना ताई, तर दिवस जातो. तेवढंच एक राह्यलं. बाकी देवानं सगळं दिलं, पोरगी सुखात हाय, माणूस चांगला हाय, कोणाचं वाईट चिंतलं नाय मी. सुमनचं घर भरलेलं राहो, तिच्या पोराचं दुकान चालो.

तुमी एवढं फिरता, मनमाडला कधी गेलात तर जा तिच्याकडं. स्टेशनच्या अंगाला कांद्याची खळी हायत, कोणालाही विचारा, सिन्नरवाली सुमन म्हणून. तिला सांगा, मंजुळा बरी हाय, यायचं म्हणती. गुडघ्यांमुळं यष्टीची पायरी चढता येत नाय, ते नका सांगू. ती उगाच काळजी करत बसंल.